गोळी कुठे बसली, तारेला विचारा

एक मीटर लांबीची पोलादी तार ताणून बांधलेली आहे. तिच्यावर कुठेतरी वीस मिलिग्रॅमची, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढ्या वजनाची, एक गोळी घट्ट बसवली आहे. तार पुठ्ठ्याने झाकलेली आहे. तुम्हाला तिचं फक्त उजवं टोक छेडता येतं आणि आवाज ऐकता येतो. तेवढ्यावरून गोळी कुठे आहे ते अर्ध्या सेंटिमीटरच्या फरकाने सांगायचं, आणि तिचं वजनही सांगायचं.

हे जमतं. लागणारं सामान हजार-दीड हजारात नाशिकच्या बाजारात मिळतं आणि गणित दहावी-बारावीच्या पलीकडे जात नाही. प्रश्नाचं घराणं मात्र मोठं आहे. तार ज्या समीकरणाने हलते त्यातला डिफरन्शियल ऑपरेटर (तारेचं वजन आणि ताण ज्यात येतात तो समीकरणाचा भाग) ठाऊक असेल तर ती कोणत्या सुरांत वाजेल हे काढता येतं. हा झाला सुलटा प्रश्न. सुरांची यादी, म्हणजे वर्णपट, हाती आहे आणि ऑपरेटरला कुठे किती धक्का लागलाय ते शोधायचं, हा उलटा प्रश्न. इथे गोळी हाच तो धक्का.

हाच उलटा प्रश्न मोठ्या बांधकामांतही येतो. दिंडोरी रोडवर महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, नाशिककरांच्या बोलण्यातली ‘मेरी’. धरणांच्या साहित्याच्या चाचण्या आणि भूकंपाच्या नोंदी हे तिथलं काम. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयनेच्या धरणाला आडव्या भेगा गेल्या होत्या. काँक्रीटच्या पोटात गेलेली भेग डोळ्यांना दिसत नाही, पण भेगेमुळे बांधकाम थोडं लवचीक होतं आणि त्याची नैसर्गिक कंपनं थोडी मंदावतात. किती मंदावली, आणि कोणतं कंपन जास्त मंदावलं, ह्यावरून भेगेची जागा काढायची. पूल असो, यंत्राचा दांडा असो, हिशेबाची जात तीच. तारेवर तो सगळ्यात स्वच्छ दिसतो म्हणून तारेपासून सुरुवात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण बहुतेक लोक तिथेच घसरतात. उत्तर सुरांत नसतं, सुरांच्या फरकात असतं. कोऱ्या तारेची नोंद घेतल्याशिवाय गोळी बसवाल तर पुढची सगळी मेहनत वाया. आणि एकाच मांडणीतली सुरांची यादी, कितीही लांब आणि कितीही अचूक घेतलीत तरी, पुरत नाही. दोन मांडण्या लागतात. का, ते पुढे येईलच.

साहित्य

०.४० मिलिमीटर जाडीची पोलादी तार, दीड मीटर, आणि वजन करून बघायला वेगळी एक मीटर. ती वाद्यांच्या दुकानातून घ्या. हार्डवेअरच्या दुकानातली बांधायची तार मऊ असते. पाच किलोच्या ओढीने ती लांबत जाते किंवा तुटते. दुकानदार तारेचा नंबर सांगेल, त्यावर विसंबू नका. बरोबर एक मीटर तुकडा कापून सराफ बाजारात ओळखीच्या पेढीवर वजन करून घ्या. ०.९८ ते ०.९९ ग्रॅम भरला की तार हवी ती आहे.

गोळीसाठी अर्धा मिलिमीटर जाडीची सोल्डरची तार. मेण, च्युइंगगम, एम-सील ह्यांच्या नादी लागू नका. मऊ पदार्थात कंपन मुरतं आणि सूर लवकर विझतो. सोल्डरचे सव्वा सेंटिमीटरचे दहा तुकडे कापा आणि दहाही एकदम तोला. एकट्या तुकड्याचं वजन सराफाच्या काट्यालाही नीट पकडता येत नाही, दहांचं येतं, दहाने भागा. साधारण वीस मिलिग्रॅम प्रत्येकी, असा हिशेब बसतो.

बाकी: सव्वा मीटर लांबीची जाड फळी, दोन घोड्या (शिसवीच्या किंवा कुठल्याही कडक लाकडाच्या, वरची धार तीक्ष्ण), एक चांगली फिरणारी कप्पी, पाच किलोचं वजन, पुठ्ठा, मोबाइल, आणि ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घातलेला संगणक. डोळ्यांवर चष्मा हवाच. ताणलेली पोलादी तार तुटली तर चाबकासारखी येते.

मांडणी

फळी जड टेबलावर शिकंज्याने आवळा. तारेचं डावं टोक स्क्रूला गुंडाळा, उजवं कप्पीवरून खाली सोडा आणि त्याला वजन टांगा. दोन घोड्या बरोबर १०० सेंटिमीटरवर ठेवा. मोजपट्टी फळीवर चिकटवूनच टाका, नंतर ती लागणार आहे.

तार तंबोऱ्यासारखी खुंटीने ताणायचा मोह होईल, तो टाळा. डिसेंबरात नाशिकला पहाटे दहा-बारा अंश आणि दुपारी सत्तावीस-अठ्ठावीस, असा फरक सहज पडतो. खुंटीला बांधलेली तार तापली की सैल पडते, आणि दहा अंशांच्या फरकाने सूर दोन-तीन टक्के खाली येऊ शकतो. आपली गोळी सूर जेमतेम दीड-दोन टक्के उतरवणार आहे. म्हणजे गोळीपेक्षा ऊनच मोठं ठरेल. टांगलेल्या वजनाचा ताण पहाटेही पाच किलो आणि दुपारीही पाच किलो. कप्पी मात्र अडकणारी नको. प्रत्येक नोंदीआधी वजन बोटाने जरा उचलून हलकेच सोडा, म्हणजे घर्षणात अडकलेला ताण सुटा होतो.

वजन पाचच किलोचं का? चार किलो टांगलंत तर ही तार ९९.६ हर्ट्झला वाजते. घरातल्या विजेची गुणगुण ५० च्या पटीत असते: १००, १५०, २००. ट्यूबलाइटचा चोक, फ्रिज, पंख्याचा रेग्युलेटर, सगळ्यांची १०० हर्ट्झवर हजेरी असते. तुमचा सूर नेमका त्या गर्दीत जाऊन बसेल आणि संगणकाला कोणता कुणाचा ते कळणार नाही. पाच किलोला पहिला सूर १११ च्या आसपास येतो, दुसरा २२२ च्या. रस्ता मोकळा. आणखी एक पथ्य: ऐन श्रावण-भाद्रपदात संध्याकाळी नोंद घ्यायला बसू नका. नाशिक ढोलाचा सराव एका गल्लीत चालू असला तरी त्याचा खर्ज चार गल्ल्या ओलांडून फळीत उतरतो. पहाटेची वेळ उत्तम.

आवाज टिपणे

उजव्या घोडीपासून दहा सेंटिमीटरवर नखाने, हलकेच छेडा. जोरात छेडलं की तार ताणली जाते, सूर सुरुवातीला चढतो आणि मग घसरतो. संगणकाच्या आलेखावर सुळका उभा राहण्याऐवजी उतरंड दिसते. मोबाइल फळीजवळ एका जागी ठेवा. रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये आवाज ‘स्वच्छ’ करण्याची जी काही सोय असेल ती बंद करा आणि फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात घ्या.

पुढची युक्ती कुणी सांगत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. ऑडॅसिटीत ‘ॲनालाइज’ मेनूत ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ आहे. त्यात ६५,५३६ नमुन्यांचा आकार निवडता येतो. नेहमीच्या ४४,१०० च्या दराने एवढे नमुने दीड सेकंदातच संपतात, आणि दीड सेकंदाच्या आवाजात दोन सूर ओळखायचे तर त्यांच्यात ०.६७ हर्ट्झ अंतर लागतं. आपल्याला त्याहून बारीक वाचायचंय. उपाय सोपा: रेकॉर्डिंग आधी ८,००० च्या दरावर उतरवून घ्या. आता तेवढेच नमुने आठ सेकंद व्यापतात आणि आलेखाच्या दोन खुणांमधलं अंतर ०.१२ हर्ट्झ होतं. सुळक्यावर कर्सर नेला की सॉफ्टवेअर शेजारच्या खुणांवरून शिखराची जागा आणखी बारीक करून दाखवतं. छेडल्यानंतरचा पहिला अर्धा सेकंद सोडून द्या. त्यात नखाचा खरखराट असतो.

एकाच छेडण्यावर भागवू नका. चार-पाच वेळा छेडा आणि मधला आकडा धरा.

कोरी नोंद

आता तारेवर काहीही न बसवता पहिले पाच सूर टिपा. मग उजवी घोडी ९० सेंटिमीटरच्या खुणेवर सरकवा आणि पुन्हा पाच सूर टिपा. (इथे पहिला सूर १२४ हर्ट्झच्या जरा खाली येईल.) घोडी परत १०० वर आणा आणि पहिला सूर पुन्हा मोजा. तो आधीच्याशी ०.०५ हर्ट्झच्या आत जुळला तर मांडणी विश्वासाची. नाही जुळला तर कप्पी किंवा घोडी बघा. पुढे जाऊ नका.

कोणी म्हणेल, कोरी तार मोजायची कशाला? सूत्राने काढता येतेच की, दुसरा सूर पहिल्याच्या दुप्पट, तिसरा तिप्पट. पुस्तकातली तार तशी वाजते. खऱ्या पोलादी तारेला स्वतःचा ताठपणा असतो, त्यामुळे वरचे सूर पटीपेक्षा किंचित चढे लागतात. दुसऱ्या सुराला तो फरक नगण्य, पण आठव्या-दहाव्याला टक्क्याच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त. कोरी नोंद हाताशी असली की ताठपणा दोन्हीकडे सारखाच येतो आणि वजाबाकीत निघून जातो.

आता उठून बाहेर जा. घरातल्या कुणाला तरी सोल्डरचा एक तुकडा तारेभोवती गुंडाळून पक्कडीने हलकेच दाबायला सांगा आणि तार डावीकडून ८५ सेंटिमीटरपर्यंत पुठ्ठ्याच्या पन्हळीने झाकायला सांगा. पुठ्ठा तारेला लागता कामा नये. स्वतः गोळी बसवून स्वतःच शोधण्यात अर्थ नाही. डोळ्याला जे ठाऊक आहे तेच कान ऐकतो.

हिशेब

गोळीसह पुन्हा पाच सूर टिपा. प्रत्येक सुराची घट टक्क्यांत मांडा.

गोळीमुळे सूर उतरतो, कारण तारेला जास्त वजन हलवावं लागतं. पण गोळी जिथे आहे तिथे तार हलतच नसेल तर गोळीचं ओझं कुणाला? पहिल्या सुरात सगळी तार एका कमानीत हलते, मध्यावर सर्वांत जास्त. दुसऱ्या सुरात मध्यावर निस्पंद बिंदू असतो; तिथे बसलेली गोळी दुसऱ्या सुराला जाणवणारही नाही. ह्याचा नियम लॉर्ड रॅले ह्यांच्या १८७७ च्या ध्वनिशास्त्रावरच्या ग्रंथापासून ठाऊक आहे:

घट = वजनवाटा × (साइन (क्रमांक × कोन)) चा वर्ग

वजनवाटा म्हणजे गोळीचं वजन भागिले तारेचं वजन. कोन म्हणजे डाव्या घोडीपासून गोळीपर्यंतचं अंतर, पण पूर्ण तार १८० अंशांची धरून. क्रमांक म्हणजे कितवा सूर.

पहिल्या आणि दुसऱ्या सुरासाठी हे लिहा आणि दुसऱ्या घटीला पहिलीने भागा. वजनवाटा उडून जातो. उरतं ते असं: गुणोत्तर = ४ × (कोसाइन कोन) चा वर्ग. म्हणजे गुणोत्तराला चाराने भागा, वर्गमूळ घ्या, त्याचा व्यस्त कोसाइन घ्या, कोन मिळाला. तो पहिल्या सुराच्या नियमात परत घातला की वजन मिळालं.

आकड्यांत बघू. समजा कोऱ्या तारेचे सूर १११.३० आणि २२२.६२, गोळीसह १०९.८५ आणि २१८.७२. घट १.४५ आणि ३.९० हर्ट्झ, टक्क्यांत १.३०३ आणि १.७५२. गुणोत्तर १.३४५, त्याचा चौथा हिस्सा ०.३३६, वर्गमूळ ०.५८०, कोन ५४.६ अंश. म्हणजे गोळी ३०.३ सेंटिमीटरवर. वजनवाटा १.३०३ भागिले ०.६६४, म्हणजे १.९६ टक्के, तार ०.९८६ ग्रॅमची असेल तर गोळी १९.४ मिलिग्रॅमची.

गोळीसहचे हे दोन सूर मी गोळी ३० सेंटिमीटरवर आणि बरोबर २ टक्के वजनाची धरून अचूक समीकरणातून काढले होते. म्हणजे उत्तर तीन मिलिमीटरने चुकलं. ही चूक कानाची नाही आणि यंत्राचीही नाही. रॅलेंचा नियम गोळी अगदी हलकी असेल तेव्हाच तंतोतंत खरा. दोन टक्के हे ‘अगदी हलकं’ नव्हे, ‘बऱ्यापैकी हलकं’ आहे.

दुरुस्ती अशी करा. मिळालेला अंदाज घेऊन सुलटा प्रश्न सोडवा. त्याचं अचूक समीकरण:

साइन(फ) = व × फ × साइन(प × फ) × साइन((१ − प) × फ)

इथे ‘व’ वजनवाटा, ‘प’ गोळीची जागा (०.३०३ अशी, लांबीच्या हिश्श्यात), आणि ‘फ’ रेडियनमध्ये. पहिल्या सुरासाठी ‘फ’ पायच्या जरा खाली शोधायचा, दुसऱ्यासाठी दोन पायच्या खाली. तो किती खाली आहे तीच घट. स्प्रेडशीटमध्ये ‘गोल सीक’ने हे काम मिनिटात होतं. आपल्या अंदाजाला घट येते १.२९९ आणि १.६९४ टक्के. मोजलेली होती १.३०३ आणि १.७५२. फरक ०.००४ आणि ०.०५८. हे फरक मोजलेल्या घटीत मिळवा, १.३०७ आणि १.८१०, आणि पुन्हा साध्या नियमाने जागा काढा: ३०.० सेंटिमीटर, २.०० टक्के. एकाच फेरीत काम झालं. गोळी जड असेल तर दोन-तीन फेऱ्या लागतील; आकडा हलायचा थांबला की थांबा. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचा ६१७४ सुद्धा असाच गाठायचा असतो: चार अंकांची उतरती आणि चढती मांडणी करून वजाबाकी करत राहा, जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येतो आणि तिथून पुढे हलत नाही. मात्र कापरेकरांच्या फेऱ्या चारही अंक सारखे नसलेल्या कोणत्याही संख्येवर चालतात. आपल्या फेऱ्या गोळी तारेच्या पाव वजनाची झाली की भरकटू शकतात.

गोळी टोकाजवळ असेल तर हे गुणोत्तर दगा देतं. पाच सेंटिमीटरवरची गोळी पहिल्या सुराला ०.०५ हर्ट्झनेच उतरवते; एवढी घट कप्पीच्या घर्षणातही हरवते. अशा वेळी चौथा-पाचवा सूर धरा. पाच सेंटिमीटरवर पाचव्या सुराचा कोन ४५ अंश होतो आणि घट वजनवाट्याच्या निम्मी येते, ती आरामात वाचता येते. सगळेच सूर सारख्याच टक्क्याने उतरलेले दिसले तर ती गोळी नव्हे, ताण किंवा लांबी बदललीय. घोडी हलली का बघा.

आरसा फोडणे

आता खरी अडचण. कोन ५४.६ अंश आला, पण १२५.४ अंशांनाही कोसाइनचा वर्ग तोच येतो. म्हणजे गोळी डावीकडून ३० सेंटिमीटरवर आहे की उजवीकडून, तार सांगत नाही. वीस सूर मोजलेत तरी सांगणार नाही. तार उलटी करून बांधली तर ती वाजते अगदी तशीच, मग आवाजातून दिशा कळणार कशी?

पुष्कळांना सुचणारा उपाय असा: डाव्या बाजूला स्वतःची एक ठाऊक असलेली गोळी बसवावी, म्हणजे तारेचा समतोल मोडेल. फुकट जातो. हलक्या गोळ्यांच्या घटी नुसत्या एकमेकींत मिळतात. तुमच्या गोळीची घट वजा केली की मागे तोच आरसा उरतो.

सीमा बदलावी लागते. उजवी घोडी ९० वर सरकवा (पुठ्ठा ८५ पर्यंत आहे, म्हणून इथे घोडीजवळच्या उघड्या भागात छेडा). गोळी ३० वर असेल तर आता ती तारेच्या एक-तृतीयांशावर आली, कोन ६० अंश. ७० वर असेल तर कोन १४० अंश. पहिल्या सुराची घट पहिल्या शक्यतेत २.०५ हर्ट्झ, दुसरीत १.१५. दुप्पटीच्या जवळपास फरक, कानालाही कळेल. ९० वरची कोरी नोंद आधीच घेऊन ठेवली होती ती ह्यासाठी.

गणितज्ञांना ही अडचण समजायला काही वर्षं गेली. १९२९ मध्ये व्हिक्टर अंबार्त्सुम्यान ह्या आर्मेनियन खगोलशास्त्रज्ञाने दाखवलं की दोन्ही टोकं मोकळी असताना सगळे सूर कोऱ्या तारेसारखेच आले तर ऑपरेटरला कसलाच धक्का लागलेला नाही. निकाल सुंदर, पण खगोलशास्त्रज्ञाने गणिताचा लेख भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात छापलेला. बरीच वर्षं कुणी फिरकलं नाही. त्यावरून कुणालाही वाटावं की एक वर्णपट नेहमीच पुरेल. स्वीडनच्या योरान बोर्ग ह्यांनी १९४६ मध्ये ती समजूत मोडली: अंबार्त्सुम्यानची गोष्ट नशिबाची होती, सर्वसाधारणपणे दोन वेगळ्या सीमांचे दोन वर्णपट लागतात, आणि दोन असले की पुरतात. धक्का दोन्ही बाजूंनी सारखा आहे हे आधीच ठाऊक असेल तरच एकावर भागतं. १९५१ मध्ये गेलफांड आणि लेविटान ह्यांनी वर्णपटाच्या माहितीतून ऑपरेटर प्रत्यक्ष उभा करायची रीत दिली. बोर्गच्या प्रमेयात दुसरी सीमा म्हणजे एक टोक मोकळं सोडणं. ताणलेल्या तारेचं टोक मोकळं सोडणं कार्यशाळेत अवघड, म्हणून आपण लांबी बदलली. आपल्या एका गोळीला तेवढं पुरतं. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात कॉक्स, एम्ब्री आणि होकनसन ह्यांनी मणी बसवलेल्या तारेवर असेच प्रयोग करून २०१२ मध्ये छापले. हात बसला की तो लेख शोधून वाचण्यासारखा आहे.

तारेवरून पडद्याकडे गेलं की गोष्ट आणखी बिकट होते. आवाजावरून ढोलाचा आकार ओळखता येईल का, असं मार्क काक ह्यांनी १९६६ मध्ये विचारलं, आणि नेहमीच येत नाही हे १९९२ मध्ये गॉर्डन, वेब आणि वोल्पर्ट ह्यांनी दोन वेगळ्या आकारांचे पण एकाच सुरावळीचे पडदे दाखवून सिद्ध केलं. तबला बनवणारा मात्र ह्या प्रश्नाची वेगळीच बाजू रोज हाताळतो. साध्या गोल पडद्याचे सूर १, १.५९, २.१४ असे बेसूर पडतात. शाईचे थर देऊन तो त्यांना १, २, ३ च्या जवळ आणतो. थर दे, घोट, वाजव, ऐक, पुन्हा थर दे. हवा तो वर्णपट ठरवून त्याला जुळणारा धक्का शोधायचा, हाही उलटा प्रश्नच. सर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी १९२० मध्ये आणि पुन्हा १९३४ मध्ये ह्या शाईच्या वाद्यांवर लिहिलं.

पुलाकडे जायचं असेल तर ऊन आणि थंडी विसरू नका. स्वित्झर्लंडमधला झेड-२४ हा पूल पाडायच्या आधी १९९७-९८ मध्ये जवळजवळ वर्षभर त्याची कंपनं टिपली गेली. पारा शून्याखाली गेला की पुलावरचं डांबर कडक व्हायचं आणि सूर एवढे चढायचे की नुकसानीमुळे येणारी घट त्यात सहज लपली असती. म्हणून पुलाची कोरी नोंद एका सकाळची चालत नाही. ती सगळ्या ऋतूंची लागते, प्रत्येकीसोबत तापमान लिहून.

दोन गोळ्या

एक गोळी साधली की मदतनिसाला दोन बसवायला सांगा. आता चार गोष्टी अज्ञात: दोन जागा, दोन वजनं. १०० वरचे पाच सूर आणि ९० वरचे तीन, अशा आठ घटी घ्या आणि स्प्रेडशीटच्या ‘सॉल्व्हर’ला असे चार आकडे शोधायला सांगा की आठही घटींतल्या फरकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी येईल. सुरुवातीचा अंदाज दोन-तीन वेगवेगळ्या जागांवरून द्या. वाईट अंदाजावरून सॉल्व्हर भलत्याच खड्ड्यात जाऊन बसतो आणि तेच उत्तर म्हणून हातात ठेवतो.

दोन गोळ्यांमध्ये दहा सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर असेल तर पाच सुरांना त्या एकच जाड गोळी वाटतात. जितके सूर मोजाल त्याच्या दुपटीने लांबीला भागा, साधारण तेवढं बारीक दिसतं. पाच सेंटिमीटरपर्यंत उतरायचं तर दहा सूर लागतील. तेव्हा छेडायची जागाही बदला: घोडीपासून दहा सेंटिमीटरवर दहाव्या सुराचा निस्पंद येतो, तिथे छेडलं तर तो उमटणारच नाही. पाच सेंटिमीटरवर छेडा.